उलट्या मास्तरांची अक्षरं

लेकीने मोबाइलवर पुन्हा तीच सात अक्षरं भरली: जी, व्ही, आर, एफ, ई, ओ, आय. ही अक्षरं ज्यांत येतात असे सगळे इंग्रजी शब्द दाखव, एवढंच त्या साइटला सांगायचं असतं. साइटचा हातही भलता सैल. पहिल्या दिवशी तीनच अक्षरं दिली तर तिने शेकडो शब्द अंगावर ओतले होते. सात दिल्यावर मात्र यादी मूठभर झाली. सगळ्यात वर ‘फरगिव्ह’, आणि खाली त्याचेच भाऊबंद.

फरगिव्ह म्हणजे माफ करणे. लेकीने तो शब्द इतक्या वेळा वाचला की पाठ झाला.

खरं तर आजारी बाबांनी त्या सकाळी चादरीवर नऊ लाकडी अक्षरं मांडली होती. झेड आणि क्यू तिने गुपचूप गाळले. ते धरले की एकही शब्द निघत नव्हता.

बाबा एकतीस वर्षं एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एका अक्षराचा ठसा, उचलायचा, पट्टीत लावायचा, ओळ जुळवायची. शिशातली ओळ आरशातल्यासारखी उलटी असते आणि ती ते धडाधड वाचत, म्हणून छापखान्यात त्यांना सगळे उलटे मास्तर म्हणत. औषधांची माहितीपत्रकं, परीक्षांचे पेपर, जाडजूड अहवाल, सगळं इंग्रजी त्यांच्या हाताखालून गेलं. अर्थाचा मात्र पत्ता नसे. “इंग्रजी मला येत नाही, हाताला येतं,” असं ते ऐटीत सांगत.

छापखान्याला टाळं लागलं तेव्हा मालकाने त्यांना त्यांची केस दिली. केस म्हणजे खणाखणांचा मोठा लाकडी ट्रे, प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे. ती पलंगाखाली असे. रोज ती ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत सारायची. घरातल्यांना त्याचं हसू यायचं. मग एक दिवस नव्या कपाटाला जागा हवी म्हणून लेकीने ती भंगारवाल्याला देऊन टाकली. विचारलं नाही, सांगितलं नाही. बाबा भाजी घेऊन आले, पलंगाखाली वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

“अहो बाबा, धूळ खात पडली होती,” ती म्हणाली.

बाबांनी भाजीची पिशवी आईच्या हातात दिली. चार महिने तिच्याशी कडक अबोला. ताटातलं मीठसुद्धा आईकडून मागत. आणि मग झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आता अबोला सोडायचा म्हटलं तरी जीभ ऐकत नव्हती.

बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी लाकडी इंग्रजी अक्षरांचा डबा आणून दिला. “काय सांगायचंय ते यातून कदाचित कळेल,” एवढंच त्या म्हणाल्या. लेकीने ते वाक्य पदराला बांधून घेतलं. रोज सकाळी बाबा डाव्या हाताने एकेक अक्षर काढत, मांडीवरच्या चादरीवर इकडेतिकडे ठेवत. ती लगेच सगळी गोळा करून मोबाइलशी झोंबत बसे. अक्षरं उचलली की बाबा घशातून कण्हल्यासारखा आवाज काढत. तिला वाटे, शब्द चुकला असणार.

आईला हे पटत नव्हतं. “अगं, जन्मात कधी माझ्याशी इंग्रजीत भांडले नाहीत, आणि तुला माफी इंग्रजीत देतील होय?”

“आई, तू गप्प बस गं!”

रविवारी छापखान्यातले मशीनवाले काका भेटायला आले. खुर्चीवर न बसता पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, चादरीकडे बघत. मग वळसा घालून बाबांच्या उशापाशी गेले, तिथून पाहिलं आणि खुदकन हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“काका, कुठला शब्द आहे?” लेकीने घाईने विचारलं.

“शब्द कसला, पोरी? हा ई बघ, पोटाशी, हाताजवळ. सगळ्यात जास्त तोच लागतो. झेड, क्यू तिकडे पार कडेला. मास्तर केस भरतायत. काम छापून झालं की खिळे सुटे करायचे, ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे आणि मगच घरी जायचं. खिळे तसेच टाकून मास्तर एक दिवस गेले नाहीत.”

लेकीने मोबाइल उलटा ठेवला आणि तिला रडू फुटलं. माफी नव्हती, शापही नव्हता. इतके दिवस ती स्वतःला शोधत होती आणि त्या चादरीवर ती कुठे नव्हतीच. उलट बाबांनी लावलेलं घर तिने रोज सकाळी पुन्हा मोडलं होतं.

ती पलंगावर बसली. डब्यातून एक अक्षर काढून तिने अंदाजाने ठेवलं. बाबांनी ते उचललं, वीतभर वर सरकवलं.

“बाबा, चुकलं माझं,” ती म्हणाली. “तुम्हाला विचारायला हवं होतं.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत काय होतं ते तिला कळलं नाही. मग त्यांनी डावा हात पुढे केला, तळवा वर, आणि बोटं हलवली: दे पुढचं.

ती देत गेली, ते ठेवत गेले. ओळीमागून ओळ भरत आली. “हं, उरकत आलं मास्तरांचं, आता घरी जायला मोकळे,” काका सहज म्हणाले, आणि आईने चटकन त्यांच्याकडे पाहिलं.

डब्यात एकच अक्षर राहिलं. बाबांचा हात पुढे आला, बोटं हलली. लेकीने ते अक्षर काढलं, मुठीत घट्ट धरलं आणि हात पाठीमागे नेला.