अण्णांच्या फोटोला हार

आमचे अण्णा दोनदा गेले. पहिल्यांदा मी घालवले.

गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. अण्णा सिल्वासाला शाळामास्तर. तिथल्या आमली भागातल्या कारखान्यात कुणी परमुलखातला कामगार वारला, की मोठ्या वर्गातली पोरं घेऊन त्याला खांदा द्यायला जायचे. त्याबद्दल एका आंतरराष्ट्रीय युवक चळवळीने त्यांना मानवसेवा पुरस्कार दिला. (युवक! तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता.) अण्णांनी नवा सदरा शिवला आणि सभेच्या आदल्या दिवशी छातीत कळ आली.

"मी जाणार!"

"पडून राहायचं!" आई म्हणाली.

सभेत रिकामी खुर्ची बरी दिसेना. मी डोकं चालवलं आणि अण्णांचा फोटो खुर्चीवर ठेवला. पाहुण्यांनी आणलेला हार फोटोलाच घातला. डास फार होते, म्हणून मी समोर उदबत्ती लावली!

उशिरा आलेल्यांनी दारातच चपला काढल्या. एक जण हात जोडून उभा राहिला, मग सगळेच उभे राहिले. दोन मिनिटं शांतता! मीही उभा राहिलो. (सगळे उभे असताना बसायचं कसं?)

घरी आलो, तर शेजारचा फिटर हिरामण रडत आत शिरलेला.

"मास्तर! तुम्ही तं गेले व्हते ना! फोटोले हार पाह्यला ना मी!"

अण्णा उठून बसले. "पदक कुठाय?"

सभेतली माणसं रडली हे ऐकून ते फार खूश झाले. गल्लीला खरं कळलं. बाकीच्या गावाला कोण सांगणार?

पुढच्याच महिन्यात अण्णा खरोखर गेले. मी सांगत आमलीभर धावलो; जो तो म्हणे,

"हो ना, फार वाईट झालं. आलो होतो की मी सभेला!"

रांधा गावचा त्यांचा जुना विद्यार्थी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "भाऊ, किती दिवस रडणार? आता सावरा."

गल्लीवाले तर हसलेच. "मागच्या बारीले बी असंच व्हतं!" हिरामण म्हणाला. मग आत जाऊन त्याने अण्णांना पाहिलं आणि टोपी काढली.

खांद्याला माणसं पुरेनात. शेवटी पाळी सुटून घरी निघालेले दोन अनोळखी कामगार वाटेवरून बोलावले. इतक्यांना खांदा दिलेला माणूस, आणि त्याला ही पाळी!

स्मशानाशी त्यातल्या एकाने हळूच विचारलं, "बिचाऱ्याचं कोनीच नाही का हो?"

"मुलगा आहे एक," मी म्हणालो. "पण त्यानेच हार घातला!"