जरबेऱ्याला दिलेला वायू

औशाजवळच्या पॉलीहाऊसमध्ये मी सहा महिने प्रयोग केला. वह्या आकड्यांनी भरल्या, पण मैत्रिणी जमल्या की आकडे कोणी विचारत नाही. सगळ्यांना भगवानराव आणि मंगलबाईच ऐकायचे असतात.

प्रयोग साधा होता. शेजारी शेजारी दोन पॉलीहाऊस, दोन्हीत जरबेरा. एक नंबरमध्ये रोज सकाळी जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडायचा, दोन नंबरमध्ये नाही. हा वायू जास्त मिळाला की पानं उन्हात अन्न जास्त बनवतात आणि फुलं वाढतात. किती वाढतात, यावरच माझी पीएचडी अवलंबून होती.

मालक भगवानरावांना मी समजावलं, की आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच हा वायू. त्यांनी वायूच्या सिलिंडरवर टिचकी मारून बघितली. मग म्हणाले, "म्याडम, आमच्या पारावर धा-पंधरा जण सकाळपासून तोच सोडायलेत. त्यांनाच आत बसवू की."

*

वायू सोडताना पडदे बंद पाहिजेत. पण पाहुणा आला की पडदा गुंडाळून फुलं दाखवल्याशिवाय भगवानराव चहा सांगत नसत. माझा वायू सगळा लातूरच्या रस्त्यावर! शेवटी मी दारावर 'वायू सुरू आहे, आत येऊ नये' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवसापासून लोक पाटी बघायला यायला लागले.

*

या वायूमुळे पानांची छिद्रं थोडी मिटतात, पाणी कमी लागतं, हे मी सहज बोलून गेले. दोन दिवसांनी बघते तर एक नंबरची झाडं माना टाकून उभी. भगवानरावांनी ठिबकच बंद केलं होतं.

"कमी म्हणलं होतं, बंद नाही!"

"आमच्या लातूरला पाणी कमी म्हणलं की न्हाईच असतंय, म्याडम."

*

चौथ्या महिन्यापासून दोन नंबरचा जरबेराही जोरात फुलायला लागला. दोन्हीकडे सारखीच फुलं. फरकच नाही तर प्रबंध लिहायचा कशावर? मी नांदेडला फोन लावला.

नांदेडहून गाईड सर आले. वायू मोजायचा मीटर एकच होता आणि तो मी कायम एक नंबरमध्येच ठेवलेला. सरांनी तो उचलून दोन नंबरमध्ये नेला. आकडा भराभर चढला. शोधलं तर शेवटच्या ओळीमागे गोणपाटाखाली चार ड्रम निघाले. त्यांत शेण-गुळाचं जीवामृत फसफसत होतं, म्हणजे तोच वायू सोडत होतं.

हे कोणी ठेवलं, असं सरांनी विचारलं. फुलं तोडणाऱ्या मंगलबाई पदराला हात पुसत पुढं आल्या.

"म्याच ठेवले. येक घर पास अन् येक नापास व्हायलं होतं. पोरगी लई राबली हो, सर. आता दोन्ही घरं पास करा तिची."