पदरातला केना

"पदर झटका," मालक म्हणाला.

आम्ही चौघी बांधावर उभ्या होतो. दिवसभर सोयाबीन खुरपलेलं. नखात चिखल, डोक्यावर गवताचे भारे, पदरात जिची तिची भाजी. माझ्या पदरात केना होता, तणातच उगवणारी भाजी. माझी थोरली जाऊ केसरबाई, तिच्या पदरात तांदुळजा. बाकी दोघी आमच्याच गल्लीतल्या, एक म्हातारी, एक नवी नवरी.

मालकाच्या बाजूला तालुक्याचा शेतीसाहेब मोटारसायकलला टेकून उभा होता. आम्ही हललो नाही, तसा मालकानं आवाज चढवला. "ऐकू येत न्हाई का? वावर माझं, तं तण बी माझंच. चोट्ट्या झाल्या तुम्ही."

भारे खाली टाकले. मग कमरेला खोचलेले पदर सोडून झटकले, परक्या पुरुषांसमोर, एकीमागून एक. म्हातारी हळूहळू झटकत होती. तिला मालक म्हणाला, नीट झटक, पान राहू देऊ नको. नवी नवरी रडायला लागली. साहेब आभाळाकडे बघत होता. मला वाटलं, ह्याला तरी लाज वाटत असेल.

लाज नव्हती ती. काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्याकडे वाटूरच्या भागात जुनी रीत आहे. खुरपलेलं तण खुरपणारीचं. कोणी लिहून दिलेलं नाही, पण ह्या मालकाचा बापसुद्धा पाळायचा. रोज ठरवतानाच सांगायचा, रोज दोन पैसे कमी मिळंल, पण तण तुमचं. त्या तणावर आमची घरं चालायची. आमचे आजे-पणजे मेंढरं राखणारे. मेंढरं गेली, दावणीला एकेक शेळी राहिली. पावसाळ्यात शेळीला गवत आणि माणसांना भाजी, दोन्ही दुसऱ्याच्या वावरातून यायचं, आणि ताठ मानेनं यायचं. ती आमची मजुरीच होती. तिला त्यानं चोरी म्हटलं.

त्या साली पावसानं उघडीपच दिली नाही. सोयाबीनच्या वर तण गेलं. बायांना मागणी आली, आम्ही रोज वाढवून मागितला. मोठ्या शेतकऱ्यांना ते झोंबलं. मग एक दिवस मारुतीच्या पारावर सभा झाली. जालन्याचा एक दुकानदार खोक्यात पांढऱ्या बाटल्या घेऊन आला, सोबत हा साहेब. साहेबानं सांगितलं, हे तणाचं औषध अजून सरकारदरबारी नोंदलेलं नाही, पण यंदा परिस्थिती तातडीची आहे, म्हणून तेवढ्या हंगामापुरती खास परवानगी मिळाली आहे. बाटलीला कागद नव्हता, चित्र नव्हतं, नाव नव्हतं. झाकणावर शाईनं एक आकडा तेवढा होता.

मी बायांच्या घोळक्यातून विचारलं, औषध मारलेल्या वावरात आम्ही किती दिवसांनी शिरायचं? साहेब हसला. म्हणाला, बाई, मजुरांचा ह्यात काही विषयच नाही, आता तुमची गरजच पडणार नाही. पारावर सगळे हसले. मालक सगळ्यात जास्त हसला. माझ्या कानशिलाला आग लागली. बाईमाणसानं पारावर तोंड उघडलं हेच लोकांना जास्त वाटत होतं.

गरज पडणार नाही म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात मालकाचा सालगडी आम्हाला बोलवायला आला. आम्ही गेलो. वावरात शिरताना वास आला, लसूण सडल्यासारखा. बांधावर एकही चिमणी उतरली नव्हती. दुपारी भाकरी खाताना बोटांची आग व्हायला लागली. म्हातारी म्हणाली, खाजकुयरी लागली असंल. आम्ही हात धुतले आणि परत वाकलो. तण हिरवंगार होतं, कोवळं. शंका कशाची घ्यायची?

आणि संध्याकाळी तो प्रकार.

घरी येताना केसरबाई नुसती धुमसत होती. तिचा स्वभावच तसा, अन्यायाला आडवी जाणारी. दिवेलागणीच्या आधी ती उठली, त्या बांधावर एकटी गेली, आणि झटकलेली भाजी, टाकलेला भारा, सगळं उचलून घेऊन आली. दारात टोपलं आपटून म्हणाली, "माझ्या घामाचं हाय. चोट्टा त्यो." मला तिचा अभिमान वाटला. आजही वाटतो.

गवत तिनं तिच्या शेळीला घातलं. तांदुळज्याची भाजी केली. आमच्या चुली वेगळ्या. तिच्या घरी दुसरं कोणी नव्हतं, पोरगं आणि नवरा ऊसतोडीची आगाऊ उचल आणायला मुकादमाकडे गेले होते. नाहीतर ती आधी त्यांना वाढून मग जेवली असती. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

सकाळी शेळी उभी राहीना. तोंडाला फेस, पाय ताठ. उन्हं वर यायच्या आत संपली. तिची पिल्लं मेलेल्या आईच्या आचळाला ढुशा देत होती. केसरबाईला मी बैलगाडीत घालून फाट्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. तिच्या जिभेची साल निघाली होती. डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, कोणतं औषध? नाव सांगा, नावावरून उतारा देता येतो. नाव कुठून आणायचं? ज्या औषधाला नावच नाही, त्याला उतारा तरी कुठला असणार. डॉक्टरनं सलाईन लावलं आणि म्हणाला, वाट बघा.

वाट बघत बसले नाही मी. तिच्याजवळ म्हातारीला बसवलं आणि घरी आले. टोपल्यात उरलेला केना पदरात घेतला. मेलेली शेळी पोत्यावर घालून ओढत मालकाच्या ओसरीपुढे नेली. उरलेल्या वावरातलं तण किती मेलं ते बघायला साहेब आलाच होता. दोघं चहा पीत होते.

शेळी बघून मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणून तं पदर झटकायला लावल्ता. तुमच्याच भल्यासाठी."

माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. ह्याला ठाऊक होतं, आभाळाकडे बघणाऱ्या साहेबालाही. आदल्या दिवशी औषध मारलं, रात्री सर येऊन गेली, औषध धुपलं असेल, तण मरणार नाही, म्हणून आम्हाला बोलावलं. उघड्या हातानं, काही न सांगता.

"मंग इख मारलंय म्हणायचं व्हतं," मी म्हणाले. "चोट्ट्या कशाला म्हणले?"

"सांगितलं असतं तं वावरात पाय ठिवला असता का तुम्ही?"

इतक्या सरळपणानं म्हणाला. त्याला त्यात वावगं काहीच दिसत नव्हतं. जहर म्हणण्यापेक्षा त्याला आम्हाला चोर म्हणणं सोपं गेलं. आमची अब्रू त्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त होती.

साहेब म्हणाला, बाई, आरडाओरडा करू नका, औषधाला परवानगी आहे.

मी पदर सोडला. ह्या वेळी माझ्या मर्जीनं. केना त्याच्यासमोर धरला.

"परवानगी हाय ना साहेब? मंग एक पान खाऊन दाखवा."

त्यानं हात मागं घेतला आणि खिशात घातला. मालकानं कप खाली ठेवला. दोघांपैकी कोणीही पानाकडे बघेना. त्या घडीला माझी भीती गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला, शेळी फुगून मेली म्हणा, मंग रोज तण न्या, कोणी अडवणार न्हाई. मी सालगड्याला तसाच परत पाठवला. त्या हंगामात आमच्या गल्लीतली एकही बाई त्याच्या वावरात उतरली नाही. सोयाबीन तणात बुडालं.

केसरबाई जगली. पण अजून तिला तिखट चालत नाही, आणि दोन बांध चालली की दम लागतो. साहेबाची बदली झाली. परवानगी संपली म्हणे. बाटल्या मात्र दरसाल येतात, आकडा बदलून.

आम्हीही रीत बदलली. कोणीही खुरपायला बोलावलं की आम्ही बांधावर थांबतो आणि मालकाला त्याच्याच वावरातलं तणाचं एक पान चावायला सांगतो. काहींनी चावलं. काहींनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या, तेव्हा ते वावर कसलं आहे ते आम्हाला कळलं.

यंदा पुन्हा पाऊस उघडत नाही. पारावर पुन्हा सभा आहे, पुन्हा तातडी आहे म्हणतात. मी पुढे बसणार आहे. पदरात केना घेऊन. आधी तो नव्या साहेबांच्या तोंडात जाईल, मगच आमचं खुरपं मातीला लागेल.