डेल्रॉयला सॉरी म्हणायचं राहिलं

डेल्रॉय गेला, आणि मी त्याला सॉरी म्हटलेलं नाही.

आज दुपारी आमच्या बागेच्या ग्रुपवर मेसेज आला. हार्ट. हॉस्पिटलमध्येच गेला.

इथे जर्मनीत नेकारसुल्म गावाबाहेर आम्ही एक श्रेबरगार्टन घेतलंय, म्हणजे भाड्याचा बागेचा तुकडा. शेजारचा तुकडा डेल्रॉयचा.

मूळचा जमैकाचा. रास्ता, म्हणजे रास्ताफारी पंथाचा. कमरेपर्यंत जटा, अर्ध्या पांढऱ्या. तीस वर्षं गाड्यांच्या असेम्ब्ली लाइनवर काढून रिटायर झालेला.

ओळख माठाच्या भाजीमुळे झाली. कुंपणावरून त्याचा वाफा दिसला आणि मी चक्क मराठीत ओरडले, "अगं बाई, हा तर माठ!"

"कॅलालू," तो म्हणाला. आणि एक जुडी उपटून हातात दिली.

वयाने माझ्या बाबांएवढा, म्हणून मी जर्मनमधलं अहो-जाहो सुरू केलं. लगेच थांबवलं त्याने. "ते नको. कोणी वर नाही, कोणी खाली नाही."

मला मात्र एम्प्रेस म्हणायचा. सम्राज्ञी! सासरी-माहेरी कोणी एवढं चढवलं नव्हतं हो मला.

मांस खायचा नाही, दारू प्यायचा नाही, मीठसुद्धा खायचा नाही. मला वाटलं, अरे वा, याचा तर बारमाही उपवास.

मग एका एकादशीला मोठ्या कौतुकाने साबुदाण्याची खिचडी नेली. एक घास घेतला आणि थांबला.

"मीठ आहे."

"सैंधव आहे. उपवासाला चालतं."

"कोणाला चालतं?"

"देवाला!"

इतका हसला, इतका हसला! "एम्प्रेस, तू देवाकडे वकील घेऊन जातेस?"

मी चिडले. घरी येऊन एकटीच हसत बसले.

शनिवारी बाकावर आमची बैठक. तो त्याला गप्पा म्हणायचा नाही, रीझनिंग म्हणायचा. मी, तो आणि मध्ये माझी लेक इरा, हाताला माती लावून.

'मी' म्हणायच्या ऐवजी 'आय अँड आय' म्हणायचा. देव आत बसलेला असताना एकट्याने मी मी काय करायचं, असं त्याचं म्हणणं. रोज बायबलचा एक अध्याय. माणसाला जुंपून ठेवतं ते सगळं बॅबिलॉन.

"म्हणजे माझं ऑफिस बॅबिलॉन?" मी विचारलं होतं.

"ऑफिस बिचारं काय करतंय? तू घरी येतेस तेव्हा तुझ्याबरोबर कोण येतं ते बघ."

एकदा मी त्याला ऐटीत दाखवलं, नव्या गाडीची सीट आता घरात बसून फोनवरून गरम करता येते. त्याने नीट बघितलं. "छान. आणि शेजाऱ्याची विचारपूस करायला काही काढलंय का?"

लहानपणी शाळेने त्याला सांगितलं होतं, जटा कापून ये, नाहीतर येऊ नकोस. आईने कापल्या नाहीत. शाळा सुटली ती सुटलीच. हे त्याने स्वतः मला सांगितलं होतं.

मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

इथे चौथीतच ठरतं. मूल दहा वर्षांचं, आणि शाळा सांगते गिम्नाझिउमला, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या शाळेत, पाठवा की नको. इराला 'नको' आलं. बाई म्हणाल्या, रेआलशूलेत, त्याखालच्या शाळेत, छान रमेल, किती आनंदी मुलगी आहे.

आनंदी! आई इंजिनियर, बाप इंजिनियर, आणि मुलगी काय, तर आनंदी!

एक जादा परीक्षा देऊन निकाल बदलता येतो. मी फॉर्म भरला. दोन महिने इराची बाग बंद.

तिसऱ्या शनिवारी डेल्रॉयने कुंपणावरून विचारलं, "एम्प्रेस, घाई कोणाला आहे? तिला की तुला?"

आणि मी म्हणाले, "तू तीस वर्षं नट आवळलेस. शिकला असतास तर कळलं असतं."

शब्द तोंडातून गेले तेव्हाच कळलं काय केलं ते. पण मागे घेतले नाहीत.

तो जर्मनमध्ये म्हणाला, "या. गेनाऊ." हो, बरोबर आहे. आणि पाणी घालत राहिला.

इरा पास झाली. सासूबाईंनी नाशकात अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. आता मागे कसं फिरायचं, सांगा.

आता सहावीत आहे. दर सोमवारी सकाळी पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात, पोटात काही नाही. शाळा बदलायचा अर्ज माझ्या लॅपटॉपवर तीन महिने भरलेला पडलाय. रोज उघडते, रोज बंद करते. कोणी अडवलेलं नाही मला. तरी हलता येत नाही.

डेल्रॉय त्या भांडणानंतरही शनिवारी आमच्या फाटकाला माठाची जुडी अडकवून जायचा. दीड वर्ष. मी भाजी केली, खाल्ली, सगळ्यांना वाढली. कुंपणापाशी मात्र गेले नाही. तो दिसला की घाईघाईत टोमॅटोत वाकायचे.

पुढच्या शनिवारी नक्की बोलू, असं दर शनिवारी ठरवायचे. मूर्ख बाई.

आज इरा शाळेतून आली तेव्हा ओट्यापाशी उभी राहूनच तिला सांगितलं. तिने दप्तर खाली ठेवलं, लॅटिनची वही काढली. उद्या पेपर आहे तिचा.

मग माझ्याकडे न बघता जर्मनमध्ये विचारलं, "ममा, आधी अभ्यास करावाच लागेल, की आधी रडू शकते?"

काय केलंय मी माझ्या पोरीचं?

"आधी रड," म्हटलं. जवळ घेतलं. दोघी तिथेच फरशीवर बसलो.

ती रडत होती, आणि मी तिच्या डोक्यावरून घड्याळाकडे बघितलं.

खरंच बघितलं.

माफ कर, डेल्रॉय. रास्ता मरत नाही म्हणायचास, म्हणून श्रद्धांजली लिहीत नाही. नीट जा.