कयाधूकाठचं बेट

वडील कळमनुरीच्या बाजारात नारळ विकत. समुद्रात माळेसारखी बेटं आहेत आणि त्यांवर नुसत्या नारळी, असं कुण्या व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं. झालं, उन्हाळ्यात सगळ्यांनी मालदीवला जायचं ठरलं.

आमच्याकडे बांबूच्या दाट जाळीलाही बेटच म्हणतात. आत्या म्हणाली, "बेट पाहायला इतकं दूर काहून? कयाधूच्या काठी हाय की."

"अगं, त्या बेटांच्या चहूकडं पाणी असतं!"

"आपल्याबी असतं, पावसाळ्यात."

वडील चिडून उठून गेले.

उन्हाळ्यात आम्ही भाकरी बांधून कयाधूवरच गेलो. नदी कोरडी होती. वडिलांनी नारळ फोडला, त्याचं पाणी बांबूभोवती शिंपडलं आणि म्हणाले, "घ्या, झालं बेट."

आत्याला सांडलेल्या पाण्याचं तेवढं वाईट वाटलं.