जागेवाल्याचा सौना

आमच्या वाडीच्या देवाला मी पाऊण तास चुलीवर भाजलं आहे. मुद्दाम नाही. फिनलंडची आठवण येत होती म्हणून.

सहा वर्षं मी तिकडे जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होतो. नागावला परत येऊन चार महिने झाले तरी जीव तिकडेच. तिथे दर शनिवारी सौना. म्हणजे लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी मारायचं, वाफेत बसायचं आणि अंगाची लाही झाली की बाहेर बर्फात. मी पहिल्यांदा असा बाहेर आलो तेव्हा दुपारी चारलाच काळोख पडलेला, बर्फ भुरभुरत होता आणि त्याचा जराही आवाज होत नव्हता. आभाळातून काही पडतं ते पत्र्यावर ताशा वाजवतच, एवढंच माहीत असलेला मी! आपोआप हात जोडले गेले. हे घरी सांगितलं तर बायको, सुजाता, म्हणाली, "घाम गाळायला विमानाने गेलात? मे महिन्यात आपल्या ओटीवर बसायचं की."

शेवटी मी विहिरीजवळची पंपाची जुनी खोली झाडली, आत चूल मांडली आणि वाडीतून सात दगड गोळा केले. (सातवा सुरंगीच्या झाडाखालचा. काळाभोर, गच्च. शेवाळ होतं, तेही काथ्याने घासून काढलं!) पाऊण तास दगड तापवले. मग पंचा लावून आत बसलो, पाणी मारलं आणि तिकडच्या रीतीप्रमाणे डहाळीने अंगावर फटके मारून घेऊ लागलो. तिथे बर्च, इथे आंबा. तेवढ्यात फट्ट! एक दगड फुटला. मग दुसरा, मग एकामागून एक. आठव्या मिनिटाला मी धापा टाकत बाहेर पळालो.

दारात आई. हातात शेंदूर, तेल आणि नारळ. मागे नारळ पाडायला आलेला पांडूदादा. पहिला नारळ जागेवाल्याला, म्हणजे वाडीच्या राखणदाराला, दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी माडावर पाय ठेवत नाही.

"सुरंगीखालचा जागेवाला कुठं हाय?" आईने विचारलं.

"तिथे देव कुठे होता? एक दगडच..." मला आठवणारा जागेवाला शेंदरी होता, हा तर काळा.

"पावसात शेंदूर गेला त्याचा. आज लावनार व्हते. कुठं हाय?"

मी आंब्याच्या डहाळीने खोली दाखवली.

पांडूदादाने कमरेची दोरी सोडली. "मी न्हाय चढत, काकी. एवढ्या वर त्याच्याच भरवशावर जातो मी."

आईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "सहा वर्सं रोज त्यालाच सांगत व्हते, पोराला बर्फात सांभाळ म्हनून. आन् तू त्यालाच भाजलास? फुटला असंल तर मी कोनाला सांगू?"

मला घाम फुटला. (सौनात फुटला नव्हता एवढा.) आम्ही आत डोकावलो. सहा दगडांच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. मधोमध सातवा बसलेला, वाफाळत, अंगावर साधा चराही नाही. हात आपोआप जोडले गेले, त्या बर्फात जोडले गेले होते तसेच.

त्याला हात लावायची सोय नव्हती. पाणी ओतायला आईने बंदी घातली. मग दोन तास आम्ही तिघं ओळीने बसून देव थंड व्हायची वाट बघत राहिलो, मी पंच्यावर. नंतर त्याला जागेवर नेलं, शेंदूर लावला, नारळ फोडला. पांडूदादा माडावर चढला आणि धडधाकट खाली आला, तेव्हा कुठे आई माझ्याशी बोलली. "कपडे घाल," म्हणाली.

फिनलंडची आठवण अजून येते. आली की मी सुरंगीखाली जाऊन बसतो. सौना म्हणजे काय ते या गावात आम्हा दोघांनाच ठाऊक. त्यातला एक शेवटपर्यंत हूं की चूं न करता आत बसून होता. दुसरा आठव्या मिनिटाला पळाला, आणि फिनलंडला सहा वर्षं राहून आलेला तोच!