कोपऱ्यावरच्या अकरा डब्यांचा पंचनामा

माझ्या मित्राच्या सासऱ्यांनी अमेरिका जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंतच पाहिली, आणि तेवढ्यात त्यांना जे दिसलं ते आम्हा सगळ्यांना मिळून इतक्या वर्षांत दिसलेलं नाही. कमरेच्या वरच्या अमेरिकेशी त्यांना काही कर्तव्यच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोला नेलं तेव्हा आम्ही माना मोडेपर्यंत उंच इमारती बघत होतो आणि हे गटाराच्या झाकणापाशी उकिडवे बसून त्यावरची अक्षरं वाचत होते. परत आल्यावर फोटोंचा रोल धुऊन आणला, तर छत्तीसपैकी चौतीस फोटो फुटपाथचे. उरलेल्या दोनांत त्यांची मुलगी होती, पण गुडघ्यापर्यंतच. वैशालीला रडावं की हसावं कळेना. "बाबा, मी कुठाय यात?" असं तिनं विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "तू घरी रोज दिसते ना. असा फुटपाथचा काठ कुठं दिसते?"

वऱ्हाडातल्या एका नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागात तीस वर्षं नोकरी करून ते निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन, ते सांता क्लाराला खेटून असलेल्या आमच्या छोट्या गावात लेकीकडे आले. जावई मिलिंद माझा ऑफिसातला मित्र. मी त्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये खालच्या मजल्यावर एकटा राहायचो, आणि वैशालीच्या हातच्या पाटवडी रश्श्यासाठी आठवड्यातून चारदा वर जायचो. पहिल्याच भेटीत सासऱ्यांनी 'जय भीम' करून माझा हात हातात घेतला, नाव-गाव विचारलं आणि मग खिशातून पोलादी टेप काढून माझ्या दाराची रुंदी मोजली. टेप पाच मीटरचा होता आणि तो त्यांच्या अंगावर चष्म्यासारखा असायचा. मी त्यांना काका म्हणू लागलो.

सकाळी सहाला काका मेन स्ट्रीटवर निघायचे. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, पायात जावयाचे पांढरे स्पोर्ट्स शूज. या रस्त्यावर कॅलिफोर्नियाचा माणूस चालत असेल तर एकतर त्याची गाडी बंद पडलेली असते किंवा कुत्र्यानं त्याला बाहेर काढलेलं असतं. काका विनाकारण चालायचे. न्हाव्याच्या दुकानासमोरच्या कोपऱ्यावर पेपरांचे अकरा डबे होते, दिव्याच्या खांबाला आणि एकमेकांना साखळीनं जखडलेले. नाणं टाकायचं, दार उघडायचं, पेपर घ्यायचा. आत गठ्ठाच्या गठ्ठा मोकळा, तरी माणूस एकच घेऊन दार लावतो हे पाहून काका तिथे तासभर उभे राहिले. कोणी दोन घेतोय का हे त्यांना पाहायचं होतं. कोणीच घेतले नाहीत. "हे मी नोकरीत असताना पाहिलं असतं, तर माणसांवर इतका संशय घेतला नसता," असं ते घरी येऊन म्हणाले.

पण कौतुक वेगळं आणि कर्तव्य वेगळं. सार्वजनिक फुटपाथवर अकरा डबे उभे, आणि त्यांच्या परवानगीचा कुठे पत्ता नाही! काकांनी रीतसर पंचनामा केला. शंभर पानी वहीत प्रत्येक डब्याचा रंग, लांबी, रुंदी, उंची आणि चतुःसीमा: पूर्वेस केशकर्तनालय, पश्चिमेस दिव्याचा खांब, दक्षिणेस सार्वजनिक रहदारीचा रस्ता, उत्तरेस निळा डबा. पंच म्हणून खाली माझी सही घेतली. सही करताना मी विचारलं, "काका, हे कोणाला द्यायचंय?" ते म्हणाले, "द्यायचं कोणालेच नाही. पण मोजलेलं असलेलं बरं."

अकरावा डबा मोहरीच्या रंगाचा, एका बाजूनं चेपलेला, आणि त्याला नाण्याची फटच नव्हती. त्याची मालकीण डोरोथी नावाची सत्तरीची बाई होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं गावाचं चार पानी फुकट पत्रक काढायला सुरुवात केली होती. कोण वारलं, कोणाची मांजर हरवली, कौन्सिलनं काय ठरवलं, सगळं ती एकटी लिहायची, झेरॉक्स काढायची आणि दर गुरुवारी डब्यात आणून ठेवायची. एका गुरुवारी काकांनी तिला गाठलं आणि नगरपालिकेच्या इंग्रजीत कळवलं की मॅडम, आपला हा डबा अनधिकृत आहे. डोरोथीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मफलरावर नजर जरा जास्त ठेवली आणि म्हणाली, "या वयात मीसुद्धा अनधिकृतच आहे." काकांना हे इतकं आवडलं की पुढच्या गुरुवारपासून पत्रकाची पानं लावायला ते तिच्या बाजूला उभे. पत्रकातलं अक्षर न् अक्षर ते वाचायचे आणि जेवताना आम्हाला सांगायचे. चार वर्षं मी त्या गावात राहत होतो, पण आमच्या गावाला फायर ब्रिगेडचा बँड आहे हे मला वऱ्हाडातून आलेल्या माणसाकडून कळलं.

जुलैत एका सकाळी सगळ्या डब्यांवर नारिंगी नोटिसा चिकटल्या. सिटी कौन्सिल नवा नियम आणत होतं. फुटपाथवरचे सगळे डबे हटवायचे आणि त्याजागी सिटीचं एकच आठ खणांचं कपाट उभं करायचं. खण आधी रोजच्या मोठ्या पेपरांना, उरले तर इतरांना. कारण दिलं होतं की व्हीलचेअरवाल्यांना जायला चार फूट मोकळी वाट हवी. अकरा डबे, आठ खण, त्यात डोरोथीचं पत्रक आठवड्यातून एकदा निघणारं आणि फुकट. तिनं नोटीस वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "चला, आता मला सकाळी उशिरापर्यंत झोपता येईल." पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

काकांनी मान हलवली. चार फुटांचा नियम त्यांना शंभर टक्के मान्य होता. त्यांनी वही उघडली. डब्यांपासून न्हाव्याच्या भिंतीपर्यंत मोकळी वाट होती पाच फूट चार इंच. मग त्यांनी आख्खी मेन स्ट्रीट मोजायला घेतली आणि पुढच्याच कोपऱ्यावर थबकले. तिथे सिटीनं शोभेसाठी नुकत्याच सिमेंटच्या भल्यामोठ्या कुंड्या ठेवल्या होत्या. कुंडी ते भिंत, दोन फूट दहा इंच. "अतिक्रमण करून राहिलं कोण," काका म्हणाले, "आणि नोटीस कोणाले!"

जाहीर सुनावणीत कोणीही तीन मिनिटं बोलू शकतो हे डोरोथीनं सांगितल्यावर काका बोलणार हे ठरलंच. मिलिंद हादरला. "बाबा, प्लीज! माझी ग्रीन कार्डाची फाइल आत आहे. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर येऊन इथल्या गव्हर्नमेंटशी भांडणार? सगळं कॅन्सल होईल!" काका म्हणाले, "भांडत नाही बाबू, माप सांगतो." मिलिंद गाडी देईना, म्हणून सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी माझ्या जुन्या होंडातून आम्ही निघालो. मिलिंदसारखा मीही नोकरीच्या व्हिसावरच होतो, पण मला सासरे नव्हते, त्यामुळे धैर्य जरा जास्त होतं.

गाडीत काका वहीतली मापं पुन्हा वाचत होते. सिटी हॉलच्या पार्किंगमध्ये शिरलो तेव्हा म्हणाले, "आमच्या स्टँडबाहेर एक म्हातारा पेपर विकायचा. लाकडाची पेटी होती त्याची. माझ्या बापाला वाचता येत नव्हतं, तर तो म्हातारा त्याला रोज मोठ्यानं बातम्या वाचून दाखवायचा, फुकट. नंतर ऑर्डर निघाली, स्टँडबाहेरचं सगळं उचला. मी त्याची पेटी उचलली. म्हातारा एवढंच म्हणाला, साहेब, मोजून तर घ्या. मी मोजलं नाही." मी इंजिन बंद केलं. "दुसऱ्या दिवशी गेलो टेप घेऊन. रस्ता सोडून चांगली दीड हात जागा उरत होती. पण म्हातारा गेला होता गाव सोडून."

त्यांनी मफलर सारखा केला आणि उतरले.

सभागृह भरलेलं होतं. काकांचं नाव पुकारलं गेलं. समोर हिरवा दिवा लागला. काकांनी सुरुवात केली: आदरणीय महापौर मॅडम, सन्माननीय सदस्य, सिटीचे वकील महोदय, अभियंता महोदय, उपस्थित बंधू आणि भगिनींनो. एवढ्यात दोन मिनिटं संपली आणि वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला. तो आपल्या सन्मानार्थ लागला असं समजून काकांनी त्यालाही "थँक यू" म्हटलं. लोक हसले. मी डोळे मिटून घेतले.

मग काकांनी वही उघडली. "मॅडम, तुमचा नियम चांगला आहे. डब्यांजवळ वाट पाच फूट चार इंच. तुमच्या कुंड्यांजवळ दोन फूट दहा इंच. नोटीस कुंड्यांना द्यायला पाहिजे." अभियंता महोदय ताडकन उठले आणि म्हणाले, आमच्या खात्यानं सगळं काळजीपूर्वक मोजलेलं आहे. काकांनी खिशातून टेप काढला, मला हाक मारली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि सभागृहातल्या दोन बाजूंच्या खुर्च्यांमधली वाट मोजली. लाल दिवा लागला. "एकवीस इंच," काका म्हणाले. "आणि ज्यांच्यासाठी हा नियम करून राहिले, ते साहेब एका तासापासून दारात बसलेले आहेत."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. दारापाशी व्हीलचेअरमध्ये एक दाढीवाला गृहस्थ बसला होता. मेन स्ट्रीटवर घड्याळं दुरुस्त करायचा तो, वॉल्टर. आम्ही आत येताना काकांनी त्याला नमस्कार केला होता, आणि तेव्हाच त्यांच्या डोळ्यांनी मधली वाट मोजली असणार. महापौरबाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला बोलायचं आहे का?"

"बोलायचं होतं," वॉल्टर म्हणाला. "पण माइकपर्यंत यायचं कसं?"

महापौरबाई स्वतः व्यासपीठावरून खाली उतरल्या आणि खुर्च्या सरकवू लागल्या. त्यांच्यामागे वकील, अभियंता, सदस्य, सगळेच. टेप हातात धरून काका मधे उभे राहून सांगत होते, "अजून थोडं डावीकडे. बस, बस." चार फूट झाल्यावरच त्यांनी मान डोलावली.

वॉल्टर माइकपाशी आला. "सहा वर्षं मी या डब्यांशेजारून जातो," तो म्हणाला. "त्यांनी मला कधी अडवलं नाही. कुंड्या आल्यापासून मात्र मला भर रस्त्यात उतरून जावं लागतं. आणि काही बदलायचंच असेल तर डब्यांची मूठ खाली आणा. रोज सकाळी माझा पेपर मला अनोळखी माणसाकडून मागून घ्यावा लागतो. तो मला स्वतःला घ्यायचाय."

टाळ्या कोणी सुरू केल्या हे मी वळून पाहिलं. शेवटच्या रांगेमागे, गळ्यात ऑफिसचा बॅज तसाच लटकवलेला, मिलिंद उभा होता. तळहात लाल होईपर्यंत टाळ्या पिटत तो शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होता, "दॅट्स माय फादर-इन-लॉ!"

तीन आठवड्यांनी नवा नियम एकमतानं मंजूर झाला. डबे राहतील, एका रेषेत राहतील, दिव्याच्या खांबाला बांधायचे नाहीत. चार फूट वाट मोकळी, मूठ बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी. पेपर मोठा असो की छोटा, विकत असो की फुकट, जो आधी अर्ज करेल त्याला जागा. कुंड्या उचलून पार्कात नेल्या. रेषा आखायला सिटीची माणसं पांढरा रंग घेऊन आली तेव्हा टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं होतं. डोरोथीचा मोहरी डबा ओळीत पहिला. तिच्या पुढच्या अंकात पहिल्या पानावर काकांचा फोटो आला. नावाचं स्पेलिंग साफ चुकलं होतं, पण फोटो डोक्यापासून पायापर्यंत होता. वैशालीनं त्याच्या वीस प्रती घेतल्या. डोरोथीनं कपाळाला आठ्या घातल्या.

ऑक्टोबरात काका परत गेले. त्यानंतरच्या शनिवारी मी प्रथमच मेन स्ट्रीटवर पायी गेलो. न्हाव्यानं दुकानातून बाहेर येऊन विचारलं, "तुमचे अंकल कुठे आहेत?" पुढे वॉल्टरनं काचेवर टकटक करून तेच विचारलं. ज्या गावात चार वर्षं मला कोणी नावानं हाक मारली नव्हती, तिथे आता मी त्यांचा पुतण्या झालो होतो. मी दोघांनाही सांगितलं, ते पुढच्या उन्हाळ्यात येणार आहेत.

पण पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या गुडघ्याचं दुखणं निघालं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावी काकू आजारी पडल्या, आणि त्यांना सोडून निघायचा विषयच काकांनी काढू दिला नाही. असं मी न्हाव्याला, वॉल्टरला, डोरोथीला चार वर्षं सांगत राहिलो, पुढच्या उन्हाळ्यात. पाचव्या वर्षी डोरोथीनं विचारणं थांबवलं. एका गुरुवारी तिनं गठ्ठ्यातली अर्धी पानं माझ्या हातात दिली, आणि मी तिच्या शेजारी उभा राहून ती लावू लागलो.